कुठलं पाप आड आलं हो माझं?

आजारी लेकरांच्या आया माझ्याकडे येतात आणि फिरून फिरून हेच विचारतात. इथे इंदूरला मी अठरा वर्षं समुपदेशनाचं काम करतेय, गेल्या आठवड्यात परत एकीनं विचारलं म्हणून ही जुनी केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा सात वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्यानं अंगात साठणारं लोह काढायला रोज गोळ्या. आईचे सोमवार, गुरुवार, शनिवार उपास, वर चतुर्थी, खजराण्याच्या गणपतीला नवस, आणि रक्ताच्या दिवशी तर पाणीसुद्धा नाही. पर्समध्ये एक वही. पुढून रामनाम, मागून रक्ताच्या तारखा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिनचे (अंगात किती लोह साठलंय ते सांगणारे) आकडे.

पहिल्या भेटीत मी शहाणपणा केला. म्हटलं, आई-बाबा दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण दोष अंगात, की प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता असते, यात तुमची चूक कुठे? त्या म्हणाल्या, "ते डॉक्टरांनी सांगितलंय ताई. पण चिठ्ठी माझ्याच बाळाच्या नावाची का निघाली?" मी गप्प बसले. मी कार्ल रॉजर्सच्या, म्हणजे सल्ल्यापेक्षा ऐकून घेण्यावर भर देणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी, त्यामुळे गप्प बसणं मला जमतं.

चौथ्या भेटीत त्यांनी वहीतली कोरी पानं दाखवली. माहेरी लग्न होतं, बारा दिवस नाम लिहिलं नाही, आणि पुढच्या रिपोर्टात फेरिटिन वाढलं.

"लिहिलं असतं तर वाढलं नसतं?"

"असं नाही हो... पण मग माझ्या हातात राहतं काय?"

तिथे माझं डोकं उघडलं. पाप माझं असेल तर ते फेडता तरी येतं, उपास करता येतात, काहीतरी चालू राहतं. आपल्या हातात काहीच नाही, हे सोसण्यापेक्षा अपराधी होणं आईला सोपं जातं. मी विचारलं, देवावर राग येतो? "छे छे!" म्हटलं, जनाबाई तर विठोबाला चक्क शिव्या घालायची. त्या हसल्या, आणि मग जे रडल्या ते थांबेचनात. "सात वर्षं नुसती माफी मागतेय त्याची. एकदा तरी त्यानं मागावी ना माझी!"

पुढच्या खेपेला सांगत आल्या, बाळकृष्णाला आंघोळ घालताना मनसोक्त भांडले, सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं, बोलल्या काही नाहीत, चहा तेवढा आणून ठेवला.

माझ्या लाइनीतले काही जण देवाचा विषय निघाला की घड्याळ बघतात, मी नाही बघत. आईची श्रद्धा काढून घेऊ नका, त्यातली शिक्षा तेवढी काढा. नातेवाइकांनो, "देव परीक्षा घेतोय", "मागच्या जन्मीचं असेल" हे कृपा करून बोलू नका, त्यापेक्षा एक दिवस हॉस्पिटलात तिच्या जागी बसा. अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका. आणि झोप पार उडाली, जगावंसं वाटेना, तर नुसत्या जपावर राहू नका, सायकियाट्रिस्टना दाखवा, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

बाईंचे उपास पूर्ण सुटले नाहीत, मी सोडवलेही नाहीत. पण नंतरच्या एका चतुर्थीला नेमकं रक्त होतं, तेव्हा हॉस्पिटलबाहेरच्या ठेल्यावरून त्यांनी दोन प्लेट पोहे घेतले, एक मुलाला, एक स्वतःला, आणि वरून जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, जास्त मागून घेतलं म्हणे.