पिकअप घेतलीस, आता चेसिस नंबर जपून ठेव

पेढे खाल्ले, आता कामाचं ऐक. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेव आणि दर दोन महिन्यांनी कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल (बनावटीतल्या दोषासाठी कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावणं) आहे का ते बघ. कंपनीच्या रिकॉलच्या पत्राची वाट बघत बसू नकोस, सेकंडहँड गाडीला तर मुळीच नको. माझं पत्र मडगावच्या जुन्या मालकाकडे पडून होतं आणि मी इकडे डिचोलीहून बेळगावच्या भाजीच्या खेपा मारत होतो. एके पहाटे चोर्ला घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ होऊन तळाला गेलं. गिअर खाली टाकत, हँडब्रेक थोडाथोडा ओढत कशीबशी थांबवली. वाकून बघतो तर मागच्या चाकाच्या आतून ऑइल ओघळलेलं.

वर्कशॉपवाला आधी म्हणाला, 'खाऱ्या हवेचा गंज आहे.' (आपल्याकडे सगळं पाप त्या समुद्राच्या माथी!) रिकॉल निघाल्यावर म्हणाला, 'पार्ट यायचाय.' हे तोंडी ऐकून परत फिरू नकोस. जॉबकार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) तक्रार, तारीख आणि 'पार्ट उपलब्ध नाही' हे लिहून घे. तोवर घाट बंद, माल निम्मा.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं, नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. रिकॉलच्या कामाचे पैसे मागितले तर देऊ नकोस. आणि हो, मालकी बदलल्याबरोबर शोरूममध्ये स्वतःचा पत्ता, फोन नोंदवून घे. मी तेवढंच विसरलो होतो.