वाचकांचे प्रश्न : अमेरिकी नागरिकाशी लग्न आणि ग्रीन कार्ड

प्रश्न : एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होतो. नोकरी गेली आणि आय-९४ वरची, म्हणजे राहण्याच्या परवानगीची, तारीख उलटून सात महिने झाले. गेल्या महिन्यात अमेरिकी नागरिक असलेल्या मैत्रिणीशी रजिस्टर लग्न केले. आता मी कायदेशीर झालो ना? आई नाशिकला आजारी आहे. भेटून येता येईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तिकीट काढू नका. मुदत संपल्यावर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून आज तुम्ही अमेरिकेबाहेर पडलात, तर परत येण्यावर तीन वर्षांची बंदी लागेल. मुदतीनंतरचा मुक्काम वर्षाचा झाला की तीच बंदी दहा वर्षांची. ही बंदी बाहेर पाऊल पडल्यावर लागते. ‘घरी जाऊन व्हिसा लावून येऊ’ म्हणणारे नेमके इथेच अडकतात.

लग्नाने दर्जा मिळत नाही, अर्जाचा हक्क मिळतो. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची रांग नसते, म्हणून पत्नीचा आय-१३० (नात्याच्या नोंदीचा अर्ज) आणि तुमचा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्रच पाठवता येतो. तुम्ही विमानतळावर तपासणी होऊन आत आलात, हे फार मोलाचे आहे. अशा जोडीदाराचा ओव्हरस्टे, म्हणजे मुदतीपलीकडचा मुक्काम, किंवा परवान्याशिवाय केलेले काम कायद्याने या अर्जाच्या आड येत नाही. पत्नी नुसती ग्रीन कार्डधारक असती तर ही सवलत मिळाली नसती. एक चूक मात्र माफ होत नाही : नोकरीला लागताना भरायच्या आय-९ फॉर्मवर ‘अमेरिकी नागरिक’ या चौकोनात खूण केलेली असणे. तसे झाले असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय एकही कागद पाठवू नका. ओव्हरस्टे असताना अर्ज नाकारला गेला तर हद्दपारीची नोटीस येऊ शकते, त्यामुळे तुमच्या बाबतीत वकील हवाच.

आईसाठी आय-१३१ भरून प्रवासाची आगाऊ परवानगी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स पॅरोल, मागा. आजार गंभीर असेल तर डॉक्टरांचे पत्र जोडून ती तातडीनेही मागता येते. परवानगी हातात पडण्याआधी निघालात तर आय-४८५ सोडून दिला असे धरतात, वर बंदी आहेच. परवानगी मिळाली तरी परतताना आत घेण्याची हमी नसते, म्हणून निघण्याआधी वकिलाला विचारा.

आता कागद. मराठी माणसाची गाडी बहुधा जन्मदाखल्यावर अडते. जुन्या दाखल्यावर आईवडिलांची नावे असतात आणि बाळाच्या नावाची जागा रिकामी. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीत नाव चढवून नवा दाखला काढायला घरच्यांना आजच सांगा. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे लागतात. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर हवे आणि त्याखाली भाषांतरकाराचे सही केलेले निवेदन : भाषांतर पूर्ण व अचूक आहे, दोन्ही भाषा मला येतात.

वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ हा डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ सोबतच द्यावा लागतो. डॉक्टरांनी दिलेले बंद पाकीट फोडू नका. आय-८६४ या आर्थिक हमीच्या फॉर्ममध्ये पत्नीचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी दिसायला हवे. कमी पडले तर दुसरा जामीनदार चालतो. संसार खरा आहे हे लग्नाच्या अल्बमपेक्षा दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खाते आणि विम्यातले वारसाचे नाव जास्त ठामपणे सांगतात.

प्रश्न : माझे ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे आहे. नवरा नागरिक आहे, पण आम्ही वेगळे राहतो. तो पुढच्या अर्जावर सही देत नाही. मला परत जावे लागेल का?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : नाही, तेवढ्यावरून नाही. कार्ड मिळाले त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसली की ते सशर्त असते. अट काढण्याचा आय-७५१ दोघांनी मिळून भरायचा तर मुदतीआधीच्या ९० दिवसांत भरावा लागतो, लवकर पाठवला तर परत येतो. तुम्ही मात्र एकटीने, नवऱ्याच्या सहीची सूट मागून भरू शकता, आणि त्याला ९० दिवसांचे बंधन नाही. घटस्फोटाच्या कारणावर सूट मागितली तर कोर्टाचा अंतिम आदेश लागतोच, म्हणून दावा लांबवू नका. मारहाण किंवा छळ झाला असेल तर घटस्फोटाशिवायही सूट मिळते. पोलिसांची नोंद, दवाखान्याचे कागद, मैत्रिणीला पाठवलेले मेसेज, सगळे जपा. ‘तुझे कार्ड रद्द करतो’ ही नवऱ्याची धमकी पोकळ आहे, तो अधिकार त्याला नाही. फॉर्म वेळेत गेलाच नाही तर मात्र दर्जा जातो. पोचपावती कार्डासोबत ठेवा, तिने कार्डाची मुदत वाढते.

प्रश्न : नागरिकाशी लग्न केले की नागरिकत्व आपोआप मिळते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ग्रीन कार्डावर तीन वर्षे, आणि तेवढा काळ त्याच नागरिक जोडीदाराबरोबर राहिल्यावर अर्ज करता येतो. एरवी ही अट पाच वर्षांची आहे. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट भारतीय दूतावासाकडे जमा करून मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीच्या कार्डाचा, अर्ज करायचा.