मागच्या माणसाची भीती

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे, छोट्या कंपन्यांचे आयपीओ (लोकांना केलेली पहिली शेअरविक्री). परवा एकाने टाकलं, ‘चारशे पट भरला!’ आणि एका रात्रीत निम्म्या सोसायटीने अर्ज केले. दीर म्हणतात, ‘वहिनी, एफडी मोडा, अडीच लाख लावा, आठवड्यात सुटतील.’ मला त्या कंपनीचं नावसुद्धा धड सांगता येत नाही. काका, एवढे सगळे लोक चुकतील का? की मीच भित्री?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : ताई, रांगेतली माणसं वेडी असतात असं मी म्हणणार नाही. कॅश काउंटरच्या जाळीआड माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे रांग मी समोरून पाहिली आहे.

मार्च २००१. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअरदलालांना, त्यातही केतन पारेखला, दिलेल्या कर्जांपायी अडचणीत आली. बातमी बडोद्याला पोचली तेव्हा मी रावपुऱ्यातल्या एका लहानशा सहकारी बँकेत कॅशियर होतो. साडेदहाला शटर वर गेलं तर बाहेर पन्नासेक माणसं. मॅनेजरसाहेब कानाशी येऊन म्हणाले, ‘नोटा सावकाश मोजा, तोवर रोकड मागवतो.’ मी सावकाश मोजल्या. प्रत्येक गड्डी दोनदा मोजली. तिथेच घोटाळा झाला. रांग हलेना म्हणून वाढली, वाढली म्हणून रस्त्यावरून दिसायला लागली, दिसली म्हणून स्कूटरवरून जाणारे थांबले. ज्यांचं आमच्याकडे खातंही नव्हतं तेसुद्धा विचारत होते, ‘शूं थयूं?’

दुपारी एक टोकन पुकारलं तर जाळीपुढे माझे सासरे. निवृत्त मास्तर, चहासुद्धा कधी घाईने न पिणारे. हातात सत्तर हजारांची स्लिप. मी म्हटलं, ‘अण्णा, तुम्हीसुद्धा?’ तर म्हणाले, ‘जावईबापू, तुमच्या बँकेवर माझा विश्वास आहे. माझ्या मागे उभे आहेत ना, त्यांच्यावर नाही.’

मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचा हिशेब बरोबर होता. ठेवींतला थोडाच भाग बँकेत रोख असतो. बाकीचा कुणाच्या घरात, कुणाच्या लेथ मशीनमध्ये कर्ज होऊन बसलेला. सगळे एकदम दारात आले तर धडधाकट बँकही टिकत नाही, मग जो आधी आला तो शहाणा. रॉबर्ट मर्टन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४८ साली अशाच एका चांगल्या बँकेचं उदाहरण दिलं होतं : समजूत खोटी असते, पण ती धरून लोक असे वागतात की शेवटी ती खरी ठरते. एक मात्र सांगायला लाज वाटते. तेव्हा ठेवीला एक लाखापर्यंत विम्याचं संरक्षण होतं (फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख आहे). अण्णांचे सत्तर हजार त्यात आरामात बसत होते. हे त्या दुपारी ना त्यांना आठवलं, ना बँकेत जन्म काढलेल्या मला.

दुसऱ्या दिवशी रोकड आली. तिन्ही काउंटर उघडले, गड्ड्या बाहेरून दिसतील अशा टेबलावर रचल्या आणि मागतील त्यांना पटापट दिल्या. अडीचपर्यंत हॉल रिकामा. पंधरा दिवसांनी अण्णा पैसे पुन्हा भरायला आले, तर गड्डीवर माझ्याच सहीची कागदी पट्टी. फोडलीसुद्धा नव्हती.

तुमच्या दिरांची रांग याच जातीची, फक्त तिथे लोक बाहेर पडायला धावत होते, इथे आत शिरायला. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या एका मोटरसायकल विक्रेत्याचा आयपीओ आला. दोन शोरूम, आठ कर्मचारी. हवे होते १२ कोटी, अर्ज आले सुमारे ४,८०० कोटींचे. एवढ्या लोकांपैकी त्या शोरूमची पायरी किती जण चढले असतील? अर्जाचे पैसे आपल्याच खात्यात अडकून राहतात, शेअर लागले नाहीत तर मोकळे होतात. म्हणजे अर्ज करायला पदरचं काही जात नाही. सकाळचा आकडा पाहून दुपारचे येतात, दुपारचा पाहून संध्याकाळचे. चारशे पटीतून रांगेची लांबी तेवढी कळते. त्या मोटरसायकलवाल्याचा शेअर बाजारात उघडला तो दिलेल्या किमतीलाच, ११७ रुपयांना.

गर्दीचं ऐकूच नये असंही नाही हं. सेव-उसळीची लारी मी गर्दी पाहूनच निवडतो. पण तिथे उभ्या असलेल्यांतले निम्मे आधी खाऊन गेलेले असतात. तुमच्या ग्रुपवर अजून कुणी घासही घेतलेला नाही.

दिरांना विचारा, कंपनी विकते काय, गेल्या वर्षी नफा किती झाला, आणि भाव पडला तर आपल्याकडून घेणार कोण? छोट्या कंपन्यांच्या बाजारात शेअर मोठ्या लॉटनेच, म्हणजे ठरलेल्या गठ्ठ्यानेच, विकावे लागतात, सुटे दहा-वीस काढता येत नाहीत. उतरती लागली की गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

एफडी मोडू नका. दिरांना हौस असेल तर त्यांनी त्यांचे लावावेत. शेअर लागले आणि वर उघडले, तर पेढे मात्र हक्काने मागून घ्या.