लष्करी राज्यपाल की लष्करी गव्हर्नर?

प्रश्न असा आहे : हैदराबाद संस्थानात १९४८ साली मेजर जनरल जे. एन. चौधरी यांना मिळालेल्या ‘मिलिटरी गव्हर्नर’ या पदाला मराठीत ‘लष्करी राज्यपाल’ म्हणावे का?

माझ्या मते म्हणू नये. ‘राज्यपाल’ हा शब्द आपल्याकडे गव्हर्नरचा सर्वसाधारण पर्याय राहिलेला नाही. राज्यघटनेच्या १५३व्या अनुच्छेदातील विशिष्ट पदाचे ते नाव आहे आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणे हे त्या पदाचे मुख्य लक्षण आहे. चौधरींना असा सल्ला देणारे मंत्रिमंडळच नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली आणि १९४९ अखेरपर्यंत मराठवाड्यासह संपूर्ण संस्थानाचा कारभार चौधरींच्या हाती राहिला. जहागिरदारी रद्द करणारा १९४९ चा कायदाही याच काळातला. मात्र हे अधिकार कागदोपत्री निजामाच्या फर्मानाने त्यांच्याकडे आले होते, त्यामुळे लष्कराच्या अमलाखाली असूनही हैदराबादला ‘व्याप्त प्रदेश’ (परक्या सैन्याने ताब्यात घेतलेला मुलूख) म्हणणे भारत सरकारला मान्य होण्यासारखे नव्हते. संस्थान ताब्यात घेणाऱ्या लष्करी मोहिमेलाही सरकारने ‘पोलीस ॲक्शन’ हे सौम्य नाव दिले, आणि मराठवाड्यातील जुनी माणसे आजही तोच शब्द वापरतात.

पुढे १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याला राज्यपाल नव्हताच. स्वतः निजाम ‘राजप्रमुख’ होते. तेव्हा ‘लष्करी राज्यपाल’ असे लिहिले, तर त्या राज्यात कधी निर्माणच न झालेले पद आपण तेथे नेऊन बसवतो.

‘लष्करी प्रशासक’ हा पर्याय मला अधिक पटला असता. पण चौधरींच्या हाताखाली डी. एस. बखले हे सनदी अधिकारी ‘मुख्य नागरी प्रशासक’ होते, त्यामुळे दोन प्रशासकांचा घोळ होईल. शिवाय ‘प्रशासक’ म्हटले की आज बरखास्त नगरपालिका डोळ्यांसमोर येते. जुन्या मराठीत जिंकलेल्या मुलखावर सरसुभेदार नेमत. परंतु आता सुभेदार हा सैन्यातील कनिष्ठ आयुक्त अधिकारी असल्याने जनरलला त्या नावाने हाक मारणे धोक्याचे.

गोव्याचे उदाहरण या दृष्टीने आणखी स्पष्ट आहे. डिसेंबर १९६१ मधील मोहिमेच्या वेळी लष्कराच्या दक्षिण विभागाचे प्रमुख हेच चौधरी होते आणि गोवा जिंकणाऱ्या १७व्या डिव्हिजनचे सेनानी मेजर जनरल के. पी. कँडेथ तेथील लष्करी गव्हर्नर झाले. जून १९६२ मध्ये त्यांच्या जागी ‘नायब राज्यपाल’ आले. ‘राज्यपाल’ हे पद मात्र ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाल्यावरच अस्तित्वात आले. हैदराबादप्रमाणे येथे कोणाच्या फर्मानाची सोय नव्हती. त्यामुळे ‘व्याप्त की विलीन’ हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विलीनीकरणानंतर गोवा व्याप्त प्रदेश राहिला नाही, असे न्यायालयाने १९६९ मध्ये ठरवले.

म्हणून दोघांसाठीही ‘लष्करी गव्हर्नर’ असेच लिहावे. ‘गव्हर्नर’ हा शब्द मराठीत इंग्रजी अमदानीपासून मुरलेला आहे, गोव्यात तर पोर्तुगीज गव्हर्नर-जनरलमुळे अधिकच.