आईवडील उन्हाळ्यात मिशिगनला येतायत, त्यांना स्टेट पार्कमध्ये तंबूत कॅम्पिंगला नेणं बरोबर आहे का?

न्या. बिनधास्त न्या. तुम्ही लिहिलंय की दोघंही पासष्टीच्या पुढचे आहेत आणि नातेवाईक म्हणतात, तंबूत झोपवणं म्हणजे त्यांचे हाल. हेच मी माझ्या मोठ्या भावाकडून इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

आम्ही डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. आईबाबा आले तेव्हा सुरुवातीला नेहमीचंच, आम्ही दोघं ऑफिसला, मुलं त्यांच्या क्लासला आणि हे दोघं दिवसभर खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसलेले. मी लडिंग्टन स्टेट पार्कचं बुकिंग करून ठेवलं होतं. एका बाजूला हॅमलिन लेक, दुसऱ्या बाजूला लेक मिशिगन, मधे वाळूच्या टेकड्या नि झाडी. पुण्याला दादाला कळलं आणि लगेच फोन, "आईला जंगलात झोपवणार तू? हॉटेलचे पैसे मी पाठवतो." मला ते फार लागलं. हीच आई आळंदी ते पंढरपूर पायी वारी करून आलेली, रोज राहुटीत बायकांच्या गर्दीत झोपून, पहाटे अंधारात टँकरच्या गार पाण्याने आंघोळ करून, आणि ती परत आली तेव्हा दादानेच सोसायटीत पेढे वाटले होते. वारीतली राहुटी चालते आणि तळ्याकाठचा तंबू म्हणजे हाल, हे कुठलं लॉजिक?

पोचल्या पोचल्या तंबू बाबांनी ताब्यात घेतला. उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झालेली, हाताला काम मिळालं की माणूस खुलतो. शेजारच्या साइटवर एक रिटायर्ड अमेरिकन जोडपं होतं, त्यांच्या जुन्या आरव्हीचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचं, बॉनेट उघडं दिसलं आणि बाबा गेले ते तिकडेच रमले. इंग्रजी तोडकंमोडकं, पण इंजिनापुढे दोघांचं काही अडलं नाही. घरून सरपण का आणायचं नाही हेही बाबा तिथूनच शिकून आले आणि मग आम्हाला समजावत बसले, की २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा भुंगेरा सापडला, त्याने अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली आणि तो जळाऊ लाकडातून लांब लांब पोचतो, म्हणून लाकूड तिथलंच घ्यायचं.

आईने गॅसच्या शेगडीवर पिठलं केलं, भाकऱ्या घरून नेलेल्या. संध्याकाळी लेक मिशिगनवर गेलो. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतायत, आईने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि ओरडलीच, "अगं, हे तर गोडं आहे!" मग ती तिथून हलेचना. जूनअखेरीला तिथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे आईचा दिवेलागणीचा जप त्या दिवशी रात्री, वाळूवर बसून झाला. दुसऱ्या दिवशी बाबा नातवाला घेऊन बिग सेबल पॉइंटच्या दीपगृहापर्यंत चालत गेले, जाताना जवळपास दोन मैल, आणि ते १८६७ सालचं ११२ फुटी दीपगृह चढलेसुद्धा. दादाला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर, "आता गुडघे दुखतील." नाही दुखले.

माझं मत स्पष्ट आहे. नायगरापुढे उभं करून फोटो काढले, मॉल फिरवले म्हणजे आईवडिलांना अमेरिका दाखवली असं होत नाही. तिथे ते नुसते पाहुणे असतात, कॅम्पवर ते घरातली माणसं असतात.

आता तुमच्या कामाचं. मिशिगनमध्ये बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे जुलैसाठी जानेवारीतच बसा, शनिवार-रविवार पटकन जातात. साइट टॉयलेटच्या जवळची बघा, अगदी चिकटून नको, रात्रभर दाराचा आवाज येतो. हवेच्या गादीवरून उठताना त्रास होतो, फोल्डिंगची खाट घ्या. रात्री खाणं गाडीत बंद करून ठेवा, रॅकून नावाचे रात्री फिरणारे प्राणी ते सोडत नाहीत. जूनमध्येसुद्धा पहाटे चांगलीच थंडी पडते, कानटोपी आणि शाल हवीच. लाल झेंडा असेल तर लेक मिशिगनमध्ये कोणीही उतरायचं नाही, तळं म्हणून हलक्यात घेऊ नका, पाण्याला ओढ असते.

आणि हो, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा रात्री वारंवार उठावं लागत असेल तर तंबूचा हट्ट नको, काही पार्कांत छोट्या केबिन मिळतात, त्या घ्या. व्हिजिटर इन्शुरन्स तर कुठेही गेलात तरी पाहिजेच. पण हे सगळं आईबाबांना विचारून ठरवा, भारतात बसलेल्या भावंडांना विचारून नाही. दादाने माझ्याशी इतका वाद घातला, पण आईला एकदाही विचारलं नाही की तुला जायचंय का.