एंजल आणि लायनफिश एका टँकमध्ये चालतील का?

प्रश्न : सर, माझ्याकडे गोड्या पाण्यातले एंजल आहेत आणि आता मुलगा लायनफिशच्या मागे लागलाय. दोघांच्या अंगावर उभे पट्टे, दोघांचे पर लांबलचक, मग जवळचे नातेवाईकच असतील ना? एकत्र ठेवले तर चालेल का? आणि विषारी म्हणजे नक्की किती विषारी?

उत्तर : एकत्र अजिबात नाही, हे आधीच सांगून टाकतो. आणि त्याचं कारण विष नाहीये बरं का, पहिलं कारण पाणी. एंजल हा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या संथ नद्यांमधला, सिक्लिड नावाच्या कुळातला मासा, लायनफिश हिंदी आणि पॅसिफिक महासागरातल्या प्रवाळांमध्ये राहणारा, स्कॉर्पियनफिश या वेगळ्याच कुळाच्या गोतावळ्यातला, त्यामुळे नातं जवळचं वगैरे काही नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एंजलच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून पाणी सतत आत शिरतं आणि तो ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकत बसतो, लायनफिशचं बरोब्बर उलटं, त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांमधून बाहेर काढतो. थोडं मीठ टाकून मचूळ पाण्यात दोघांना बसवू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, हाल दोघांचेही होतील.

पाण्याचं सोडा, तोंड बघा. लायनफिश पर पसरून छोट्या माशांना कोपऱ्यात कोंडतो आणि एका झटक्यात अख्खे गिळतो. अर्थात एंजलही काही साधुसंत नाही, तोंडात मावणारा निऑन टेट्रा तोही सोडत नाही!

पट्ट्यांचं म्हणाल तर एंजलचे पट्टे पाणवनस्पती आणि बुडालेल्या मुळांमध्ये लपायला कामी येतात, लायनफिशचे मात्र 'लांब राहा' अशी पाटीच समजतात.

आता विष. पाठीवर १३, पोटाकडच्या परांत २ आणि शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला ३ असे साधारण १८ विषारी काटे असतात, आणि गंमत म्हणजे जे पंख्यासारखे मोठे पर बघून लोक घाबरतात त्यांत विष नसतं. तो स्वतःहून विष फेकत नाही, काटा रुतला की त्यावरचं आवरण मागे सरकतं आणि खाचेतल्या ग्रंथींमधलं विष जखमेत उतरतं. वेदना भयंकर, सूज येते, कधी मळमळ, श्वासाचा त्रासही होतो, मृत्यू मात्र फारच दुर्मीळ. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने बिघडतं, म्हणून जखम झालेला भाग साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या, सोसवेल इतक्याच गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा (पाणी दुसऱ्याच्या हाताने तपासा, दुखणाऱ्या हाताला चटका कळत नाही) आणि डॉक्टरांकडे जायचंच. मेलेल्या लायनफिशचे काटेही टोचतात, तेव्हा तो काढतानाही नुसता हात घालू नका.

आणि मुलाचा हट्ट टिकलाच, तर वेगळा खाऱ्या पाण्याचा मोठा टँक लागेल, कारण हा मासा ३५ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ शकतो. नंतर कंटाळा आला म्हणून समुद्रात सोडायचा नाही हं. १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ, म्हणजे त्याचं मूळ घर नसलेल्या अटलांटिकमध्ये तो दिसला, बहुधा कुणाच्या तरी टँकमधूनच गेलेला, आणि आता कॅरिबियनभर पसरून तिथले छोटे मासे फस्त करतोय.