संथ चालणारा इंडी गेम सोडून दिला असे कधी समजावे

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोघांच्या लहानशा स्वतंत्र (इंडी) स्टुडिओने बनवलेला, गाव वसवून शेती करण्याचा एक गेम तुम्ही स्टीमवर (संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला काढलेला असताना, विकत घेतला, त्याला चौदा महिन्यांत एकही अपडेट आलेला नाही, बाजारपेठ आणि पावसाळा हे कबूल केलेले भाग अजून आलेले नाहीत, आणि दारव्ह्यातले तुमचे मित्र म्हणतात की गेम गेला, वाईट रिव्ह्यू टाक आणि मोकळा हो. तर तो सोडून दिलेला समजावा काय? माझ्या मते नुसत्या चौदा महिन्यांवरून तसे म्हणता येत नाही. विक्री चालू आहे, विक्रीच्या पानावरची आश्वासने जशीच्या तशी आहेत, आणि त्या आश्वासनांसाठी कोणी काम करत असल्याची खूण मात्र कुठेच सापडत नाही, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरल्या की मी गेम सोडून दिलेला मानतो. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल, तर हा शब्द वापरण्याची घाई करू नये.

नुसता काळ मोजून का भागत नाही, हे काही जुन्या उदाहरणांवरून कळते. नेटहॅक या गेमची 3.4.3 ही आवृत्ती डिसेंबर 2003 मध्ये आली आणि त्यानंतरची 3.6.0 डिसेंबर 2015 मध्ये. मधल्या बारा वर्षांत अधिकृत आवृत्ती एकही नव्हती, तरी कोणाचे काही बुडाले नाही, कारण तो गेम फुकट होता, पूर्ण होता आणि त्याच्या कर्त्यांनी कोणाला कसला वायदा केलेला नव्हता. हॉलो नाइट या गेमचा पुढचा भाग सिल्कसाँग फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर झाला आणि 4 सप्टेंबर 2025 रोजी आला. मध्ये लांबलचक शांतता होती, पण तो आधी विक्रीला काढलेला नव्हता, म्हणून वाट पाहणाऱ्याचा फक्त धीर खर्च झाला. प्रोजेक्ट झोम्बॉइड हा गेम मात्र तुमच्या गेमच्या जवळचा आहे. तो नोव्हेंबर 2013 पासून स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये विकला जात आहे. त्याचा 41 वा बिल्ड (गेमची तयार केलेली आवृत्ती) डिसेंबर 2021 मध्ये स्थिर झाला आणि 42 वा डिसेंबर 2024 मध्ये चाचणीसाठी खुला झाला. दोन मोठ्या टप्प्यांत तीन वर्षे गेली, तरी त्याला सोडून दिलेला म्हणणे चूक ठरले असते, कारण काय चालले आहे हे कर्ते नेमाने लिहीत होते. आपल्याकडे सोयाबीन निघाल्यावर त्याच शेतातल्या तुरीच्या ओळी पुढे कितीतरी दिवस उभ्या असतात, आणि सोयाबीनच्या तारखेवरून तुरीला कोणी नापीक म्हणत नाही. पण ओळीत झाडे उभी आहेत की नाही, हे तरी शेतात जाऊन पाहावेच लागते.

आता ते कसे पाहायचे, हे सविस्तर सांगतो. स्टीमने फेब्रुवारी 2025 पासून, बारा महिन्यांहून अधिक काळ अपडेट न आलेल्या अर्ली अ‍ॅक्सेस गेमच्या पानावर तशी सूचना दाखवायला सुरुवात केली आहे. नव्या ग्राहकासाठी ती उपयोगी आहे, पण ती आपोआप लागते आणि तिच्यामागे कोणी चौकशी केलेली नसते. त्याहून अधिक माहिती स्टीमडीबी या, स्टीमवरच्या गेममधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मिळते. तिथे गेमचे पान उघडून शाखांची (एकाच गेमच्या समांतर आवृत्त्यांची) यादी पाहावी. सगळ्यांसाठी असलेल्या मुख्य शाखेशिवाय चाचणीच्या शाखाही तिथे दिसू शकतात आणि प्रत्येकीसमोर शेवटच्या बदलाची वेळ असते. मुख्य शाखा चौदा महिने जुनी असली, पण एखादी चाचणीची शाखा मागच्या महिन्यात बदललेली असली, तर कोणीतरी कामाला बसलेले आहे. त्याच पानावर किमतीतले आणि वर्णनातले बदलही नोंदलेले असतात, त्यांना काम समजू नये. उलट तिथेच एक वाईट खूण सापडते: बिल्ड थिजलेला असतो, गेमच्या स्टीमवरच्या चर्चेच्या पानावर उत्तर नसते, पण प्रत्येक मोठ्या सेलमध्ये सवलत मात्र वेळेवर लागते. सवलत आपणहून लागत नाही, विक्रेत्याला ती ठरवावी लागते. विक्रीसाठी ज्याच्याकडे वेळ आहे, त्याच्याकडे ग्राहकांसाठी दोन ओळी लिहायला वेळ नाही, हे मला पटत नाही. मात्र प्रकाशक वेगळा असेल, तर सवलत तोही लावत असतो, म्हणून पानावर प्रकाशकाचे नाव आधी पाहून घ्यावे.

शांततेची चांगली कारणेही असतात. क्यूब वर्ल्ड जुलै 2013 मध्ये अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला, त्याच वेळी त्याच्या संकेतस्थळावर हल्ला झाला, आणि त्याचा आपल्या मनावर फार परिणाम झाल्याचे कर्त्याने काही वर्षांनंतर सांगितले. गेम अखेर सप्टेंबर 2019 मध्ये स्टीमवर आला. एकदोन माणसांच्या स्टुडिओत एक जण आजारी पडला की सगळेच थांबते. दुसरे कारण तांत्रिक असते. युनिटी या इंजिनच्या (ज्यावर गेम उभा केला जातो त्या सॉफ्टवेअरच्या) कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने ते मागे घेतले. त्या काळात अनेक लहान स्टुडिओ दुसऱ्या इंजिनकडे वळण्याच्या विचारात पडले. इंजिन बदलणे म्हणजे असलेलाच गेम पुन्हा उभा करणे, आणि ते चालू असताना खेळाडूला दाखवण्याजोगे जवळजवळ काहीच हाती नसते. हे सगळे मी समजू शकतो. पण विक्री चालू ठेवून गप्प बसणे मला मान्य नाही. काम थांबले असेल, तर पानावर तसे लिहावे किंवा विक्री बंद ठेवावी, एवढी अपेक्षा पैसे दिलेल्या माणसाने ठेवणे रास्त आहे.

याच्या उलट, गेम 'पूर्ण' म्हणून जाहीर झाला, एवढ्यावरूनही तो नीट मार्गी लागला असे समजू नये. डबल फाइन या स्टुडिओच्या स्पेसबेस डीएफ-9 या गेमला 2014 मध्ये 1.0 आवृत्ती मिळाली, पण आखलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच आल्याच नाहीत आणि पुढचे काम थांबले. ग्राहकांना ते आवडले नाही, पण निदान काम थांबत असल्याचे त्यांना उघडपणे कळले, आणि पुढे खेळाडूंना बदल करता यावेत म्हणून गेमचा कोडही दिला गेला. गॉडस हा गेम मात्र सप्टेंबर 2013 पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होता आणि डिसेंबर 2023 मध्ये विक्रीतून काढला जाईपर्यंत अपुराच राहिला. मला विचाराल तर पहिला शेवट दुसऱ्यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे.

फोनवरच्या गेमसाठी माझा हिशेब अधिक कडक आहे. जे अ‍ॅप अँड्रॉइडच्या बऱ्यापैकी नव्या पातळीसाठी तयार केलेले नसते, ते गूगल प्ले नव्या फोनवाल्या नव्या ग्राहकांना दाखवतच नाही, आणि ही पातळी वर सरकत राहते. म्हणून तिथे दोनेक वर्षे अपडेट न येणे हे संगणकावरच्या तेवढ्याच काळापेक्षा गंभीर समजावे.

तुमच्या गेमबद्दल तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत: चार महिन्यांपूर्वी डेव्हलपरने चर्चेत एका खेळाडूकडून बिघडलेली सेव्ह फाइल (खेळातली प्रगती जतन करणारी फाइल) मागवून घेतली होती, आणि बाजारपेठेचा भाग 'लवकरच' येणार असल्याचे पानावर अजूनही लिहिलेले आहे. पहिली गोष्ट जिवंतपणाची खूण आहे, म्हणून आज मी त्याला सोडून दिलेला म्हणणार नाही. चर्चेत आणि ईमेलवर एकच नेमका प्रश्न विचारा: बाजारपेठेवर सध्या काम चालू आहे काय? 'कधी येणार' असे विचारू नका, कारण तारीख देण्याची भीती लहान स्टुडिओला नेहमीच असते आणि त्या भीतीने ते उत्तरच टाळतात. मग स्टीमच्या पुढच्या मोठ्या सेलपर्यंत थांबा. त्या सेलमध्ये सवलत लागली आणि तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नसले, तर बेलाशक सोडून दिलेला समजा. तोपर्यंत मात्र कोणत्याही मित्राला तो घ्यायला सांगू नका. गेम जिवंत असणे आणि तो आज पैसे देण्याजोगा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रिव्ह्यू लिहाल तेव्हा शेवटच्या बिल्डची तारीख, कोणते भाग चालतात, कोणते आले नाहीत आणि विचारलेल्या प्रश्नाचे काय झाले, एवढेच लिहा. 'फसवणूक' हा शब्द पुरावा असल्याशिवाय वापरू नका. स्टीमवर रिव्ह्यू नंतर बदलता येतो, त्यामुळे परिस्थिती बदलली तर तुम्हीही तो बदला. रिफंडची वेळ तुमच्यासाठी निघून गेली आहे, पण तुमच्या मित्रांच्या कामी येईल: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेले असेल, तर पैसे परत मागता येतात. डाउनलोडचा वेळ खेळण्यात धरला जात नाही, पण दिवस मात्र खरेदीपासूनच मोजले जातात. रोजच्या दीड जीबी डेटावर, भारनियमनातून मोठा गेम उतरवायला आठवडा सहज जातो. म्हणून गावाकडे राहणाऱ्याने आधी डेटाची सोय करावी आणि मगच खरेदीचे बटण दाबावे.

शेवटचे काम आजच करा. स्टीममध्ये त्या गेमसाठी 'सुरू केल्यावरच अपडेट करा' हा पर्याय निवडा, गेमचा बॅकअप आणि सेव्ह फाइलींचे फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. विक्रीतून काढलेला गेम सहसा लायब्ररीत राहतो आणि पुन्हा उतरवता येतो, पण इंजिन बदलून नवा बिल्ड आला, तर जुन्या सेव्ह फाइली त्यात उघडतीलच असे नाही, आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपला तो बिल्ड पेलेल याचीही खात्री नाही. म्हणून पहिला अपडेट आला की गेम लगेच सुरू करू नका. ही प्रत हाताशी आहे ना, हे आधी तपासा.